एकच उबदार पांढरा : इंदिरानगरच्या रो-हाउसच्या कामाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

मावशीच्या घराचं रंगकाम आज हातात घेतलं. दिवाळीआधी उरकायचं तिच्या मनात होतं, पण दसरा ते दिवाळी नाशकात चांगला रंगारी मोकळा नसतो, आणि यंदा परतीच्या पावसाने भिंतीही वाळू दिल्या नव्हत्या. तुळशीची लग्नं आटोपली, हवा कोरडी पडली. आता सुरू करायला हरकत नाही.

घर इंदिरानगरमधलं, १९८०च्या दशकाच्या शेवटी बांधलेलं रो-हाउस. डावी-उजवी भिंत शेजाऱ्यांशी सामाईक, म्हणजे उजेड येणार तो फक्त पुढून आणि मागून. पुढचं तोंड उत्तरेला, मागचं दक्षिणेला. खाली हॉल, मधे जेवणाची जागा आणि जिना, मागे स्वयंपाकघर. वर पुढेमागे एकेक बेडरूम, मधे बोळ. मधल्या भागाला खिडकी नाही. जिन्याच्या डोक्यावर जाळीच्या काचेचा एक झरोका आहे, तो इतका मळलाय की वर आभाळ आहे हे सांगावं लागतं.

सध्याचे रंग वेगवेगळ्या वर्षांचे. हॉल पिस्ता, त्यात एक भिंत मरून. जेवणाची जागा आकाशी. जिना बिस्किटी. वर एक खोली फिकट जांभळी. प्रत्येक दारात रंग बदलतो, त्यामुळे मुळात लहान असलेलं घर तुकड्यातुकड्यांत दिसतं. मावशी म्हणाली, "मला आता सगळीकडे एकच रंग पाहिजे बघ. पांढरा, पण दवाखान्यासारखा नको." काकांनी त्यात एकच अट घातली, डोळ्यांवर चमक यायला नको. ऑगस्टमध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डावा अजून व्हायचाय.

मोजमाप घेतलं. दारं-खिडक्या वजा जाता भिंती २,४०० चौरस फुटांच्या आसपास, छत ९५० धरलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मिस्त्रींना घेऊन भिंती पाहिल्या. दिवसाच्या उजेडात सगळ्या भिंती बऱ्याच दिसतात. पडदे ओढून, बॅटरी भिंतीला चिकटवून तिरपा झोत टाकला की खरं रूप कळतं. हॉलच्या मरून भिंतीवर जुन्या लांबीचे (पुट्टीचे) पट्टे उभे राहिले, जिन्यालगत केसासारख्या भेगांची जाळी दिसली. फिकट रंगाची भिंत अशा खुणा झाकत नाही. त्यातून जिन्यावर प्रकाश वरून तिरपा पडतो, तिथे तर प्रत्येक उंचवटा सावली टाकणार. मिस्त्रींना मी तेव्हाच सांगितलं, या कामात रंगापेक्षा घासकामाला जास्त दिवस धरा. ते म्हणाले, "ताई, गडद रंगात आमचं काम लपतं, पांढऱ्यात नाही लपत." त्यांना हे ठाऊक आहे म्हणूनच मी त्यांना बोलावते.

जेवणाच्या जागेत पश्चिमेच्या भिंतीवर, साधारण खांद्याच्या उंचीला, लोणा (ओलीबरोबर वर येणारा क्षार) आलाय. वर नेमकं बाथरूम. पोपडे काढले तर आत गिलावा बोटाने भुसभुशीत निघतो. इथे रंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी प्लंबर, मग गिलावा, मग वाट पाहणं.

एक गोष्ट मावशीला मुद्दाम दाखवली. वरच्या मागच्या खोलीचं दार आतून पांढऱ्या ऑइलपेंटचं आहे. बरीच वर्षं त्यावर एक मोठं कॅलेंडर असायचं. कॅलेंडर काढलं तर खालचा चौकोन बाकी दारापेक्षा पिवळा. मावशीचा अंदाज असा की झाकलेला भाग मूळचा आणि उन्हाने बाकीचं दार फिकं पडलं. प्रकार उलटा आहे. ऑइलपेंटमधलं तेल-राळेचं माध्यम अंधारात पिवळं पडत जातं, उजेडात हा पिवळेपणा कमी होतो. कपाटाच्या आतली बाजू, पडद्याआडची चौकट, सदा बंद असणारं दार ही सगळी ठिकाणं आधी पिवळी पडतात. भिंतीला नेमका मापून घेतलेला उबदार पांढरा लावायचा आणि शेजारच्या दाराला ऑइलपेंट मारायचा, म्हणजे चार वर्षांनी दोघांत भांडण ठरलेलं. दारांना पाण्यात मिसळणारं इनॅमल वापरायचं ठरवलं. सागवानी चौकटी मात्र रंगवायच्या नाहीत, घासून पॉलिश करायच्या. त्यामागे काकांच्या डोळ्यांचंही कारण आहे, ते पुढे लिहिते.

संध्याकाळी रविवार कारंज्याजवळच्या दुकानातून तीन फिकट छटा करून आणल्या. दुकानात मशिनवर पांढऱ्या बेसमध्ये रंगद्रव्याचे थेंब पडतात आणि झाकण लावून डबा हलवला जातो. या तीनही छटांत पिवळा ऑक्साइड आहे. 'अ'मध्ये फक्त तोच, 'ब'मध्ये सोबत लाल ऑक्साइड, 'क'मध्ये सोबत किंचित काळा. घरी हार्डबोर्डचे दोन-दोन फुटी तुकडे प्रायमर मारून तयार होते, त्यांवर दोन-दोन हात दिले. भिंतीवर नमुना मारायचा नाही हे माझं ठरलेलं आहे. पिस्ता भिंतीवर कुठलाही पांढरा गुलाबी दिसतो, आकाशीवर पिवळा. फळी उचलून खोलीखोलीत नेता येते, कोपऱ्यात उभी करता येते, छताला धरता येते.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. मिस्त्री आणि त्यांची पोरं मत द्यायला पेठकडे गावी गेली. मी सकाळी मत देऊन आले आणि दिवसभर घर फक्त फळ्यांसाठी मिळालं. असा दिवस कामात क्वचित हाती लागतो.

हॉलपासून सुरुवात केली. उत्तरेची खिडकी म्हणजे थंड, निळसर उजेड असं आपण धरून चालतो. इथे तसं नाही. समोरच्या घराची भिंत विटकरी रंगाची आहे आणि तिचं तोंड दक्षिणेला, म्हणजे हिवाळाभर तिच्यावर ऊन. तो विटकरी उजेड उलटून मावशीच्या हॉलमध्ये येतो. अकरा वाजता 'ब' फळी हॉलमध्ये चक्क गाजरी दिसली आणि 'क'सुद्धा ऊबदार वाटली. त्याच फळ्या वर पुढच्या बेडरूममध्ये नेल्या. तिथून समोरच्या घराची गच्ची खाली राहते आणि खिडकीत फक्त आभाळ. तिथे 'क' राखाडी, 'अ' छान लोण्यासारखी, 'ब' नुसती पांढरी. खिडकीची दिशा तीच, फरक फक्त एका मजल्याचा.

दक्षिणेकडे दुपारी गेले. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे आत्ता नोव्हेंबरात दुपारी बाराचा सूर्य दक्षिणेला सुमारे ५० अंशांवर असतो आणि डिसेंबरच्या शेवटी साडेसेहेचाळीसपर्यंत उतरतो. छज्जा असूनही ऊन मागच्या बेडरूमच्या फरशीवर चार-साडेचार फूट आत येतं. मे अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मात्र भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, तेव्हा या खोलीत उन्हाचा कवडसाही येणार नाही आणि वर पावसाचे ढग. आत्ताच्या उन्हात बघून या खोलीचा रंग ठरवला, तर जुलैत तो कसा दिसेल याचा पत्ताच लागत नाही. म्हणून पडदा ओढूनही पाहिलं. उन्हात तिन्ही फळ्या सारख्याच सुंदर. पडद्याआड 'अ' पिवळी.

आता मधली जागा. इथे मी सगळ्यात जास्त वेळ दिला. जेवणाच्या टेबलाजवळ बसलं की पुढचा उजेड हॉलच्या भिंतींवर आपटून येतो, मागचा स्वयंपाकघराच्या. थेट उजेड जवळजवळ नाहीच. याचा हिशोब साधा आहे आणि तो कागदावर मांडल्याशिवाय पटत नाही. भिंत १०० पैकी ८० भाग उजेड परत टाकत असेल, तर तीन भिंतींवर आपटल्यावर ५१ भाग उरतो. ६० भाग परत टाकणारी भिंत असेल, तर तीन टप्प्यांनंतर उरतात फक्त २१-२२. सध्याचा पिस्ता आणि मरून मिळून मधल्या जागेचा उजेड हॉलमध्येच गिळतात. मधल्या जागेला उजेड द्यायचा तर हॉलच्या भिंती फिकट हव्यात. संपूर्ण घराला एकच रंग देण्याचं खरं कारण मला इथे दिसतं. आवडनिवडीचा भाग त्यानंतरचा.

याच हिशोबाची दुसरी बाजू रंगछटेची. समजा एखादी पिवळसर छटा लाल उजेडाचे ८५ भाग परत टाकते आणि निळ्याचे ६५. एका भिंतीपुरता निळा लालच्या तीनचतुर्थांश आहे, डोळ्याला हलकी ऊब वाटते. तीन भिंतींनंतर लाल ६१ आणि निळा २७, म्हणजे निम्म्याहून कमी. दोन बोटांच्या शेडकार्डावर मोहक वाटलेली छटा चारही भिंतींवर लागली की कोपऱ्याकोपऱ्यांत पिवळीधमक होते, ती यामुळे. मधल्या जागेत 'अ'च्या दोन फळ्या काटकोनात टेकवून ठेवल्या आणि मावशीला कोपऱ्यात बघायला सांगितलं. जिथे फळ्या भेटतात तिथे चार बोटं रुंदीचा भाग स्पष्ट पिवळा. ती म्हणाली, "अगं, हा तर वेगळाच रंग लावलास की तू." फळी उलटी करून तीच बाजू कोपऱ्यात आणली, मग पटलं.

म्हणून माझा नियम असा झाला आहे की सगळ्या घराला एक रंग द्यायचा असेल तर तो घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या जागी उभं राहून ठरवायचा. हॉलमध्ये बसून, चहा पीत, शेडकार्डाची पानं उलटत ठरवलेला रंग हॉललाच शोभतो. उजेडाच्या खोल्या बऱ्याच छटा सांभाळून घेतात. मधला बोळ सांभाळून घेत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

बाथरूमची नहाणी फोडली. ट्रॅपचा सांधा सुटलेला, अंदाजाप्रमाणेच. नवा ट्रॅप, वॉटरप्रूफिंग, फरशी परत. प्लंबरने पाणी भरून ठेवलंय, उद्या बघायचं.

संध्याकाळी काका फळ्या घेऊन बसले. त्यांनी स्वतःहून एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून पाहायला सुरुवात केली, आणि मी वही काढली. डाव्या, ऑपरेशन न झालेल्या डोळ्याला 'अ' आणि 'क' एकसारख्याच दिसतात, दोन्ही मलईच्या रंगाच्या. उजव्याला 'क' राखाडी आणि 'अ' फिकट पिवळी, फरक स्वच्छ. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट-तपकिरी होत जातं आणि निळा उजेड अडवतं. नवं भिंग बसवलं की तो निळा परत येतो, म्हणून ऑपरेशननंतर अनेकांना सगळं जग जरा निळं-पांढरं वाटतं. काका म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी मरून भिंत कशी बघत होतो देव जाणे." मी त्यांना सांगितलं की ठरवायचं ते उजव्या डोळ्याने, कारण लवकरच दोन्ही डोळे तसेच होणार आहेत. पिवळट भिंगातून रंग निवडला असता तर आम्ही राखाडीकडे झुकलो असतो आणि दुसऱ्या ऑपरेशननंतर घर एकदम थंड वाटलं असतं.

काकांच्या बाजूने आणखी दोन गोष्टी ठरल्या. एक, सगळीकडे मॅट फिनिश, धुता येणारं. चकचकीत फिनिशवर खिडकीचं प्रतिबिंब उमटतं आणि नेमकी तीच चमक त्यांना नको आहे. दोन, दाराच्या चौकटी सागवानीच ठेवायच्या आणि जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना गडद पट्टी. पांढऱ्या घरात उतारवयातल्या माणसाला कडा दिसल्या पाहिजेत. भिंत, दार, चौकट, स्विचबोर्ड सगळं एका रंगात विरघळवायची जी पद्धत सध्या आहे ती तरुण डोळ्यांसाठी ठीक. इथे मी ती करणार नाही. स्विचच्या प्लेटा राखाडी घेतल्या.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

छटा ठरली. 'क'चा पाया धरला, पण रंगद्रव्याची मात्रा निम्मी. पिवळा आणि काळा एकत्र आले की हिरवट झाक येते, आणि खालच्या मजल्याच्या मोझेक फरशीत हिरवट खडी आहे. फरशीवरून उडणाऱ्या उजेडात 'क' फळीचा खालचा अर्धा भाग शेवाळी दिसत होता. दुकानात मशिनवरच्या मुलाला सांगून लाल ऑक्साइडची अगदी लहान मात्रा घातली. हिरवट झाक गेली, गुलाबी आली नाही. परावर्तन शंभरात ८०च्या वर राहील असं पाहिलं.

नमुना एक लिटरमध्ये न करता चार लिटरच्या डब्यात करून घेतला. इतक्या फिकट छटेला रंगद्रव्य लागतंच मुळी थेंबांत, आणि लहान डब्यात मशिनचा छोट्यात छोटा थेंबही प्रमाणाबाहेर जाऊ शकतो. लहान डब्यावर पसंत केलेला रंग वीस लिटरच्या बादलीत जरा वेगळा निघतो, त्याचं एक कारण हे.

मावशीने आज पंचवटीतल्या तिच्या माहेरच्या वाड्याची गोष्ट काढली. तिथे दरवर्षी दिवाळीआधी चुना लागायचा. कळीचा चुना पिंपात विरवायचा, गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. खाली हातभर कावेचा पट्टा. नीळ घातली की चुन्यातला पिवळसरपणा मारला जातो आणि भिंत जास्त पांढरी भासते. आपण आत्ता नेमकं याच्या विरुद्ध करतोय, पांढऱ्यात पिवळा घालतोय. पण वाड्याचं अंगण उघडं, चौकातून आभाळ आत येणारं, वर काळ्याभोर सागाच्या तुळया आणि संध्याकाळी कंदील. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात ती निळसर भिंत अंगावर येत नसे. तिच्या माहेरचा पांढरा त्या उजेडासाठी बरोबर होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटली, म्हणून इथे लिहून ठेवते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

गळती थांबली. लोणा आलेल्या भागाचा गिलावा विटेपर्यंत काढला, विटा घासून धुतल्या, नवा गिलावा. या तुकड्याला २८ दिवस हातही लावायचा नाही. नव्या सिमेंटमधला क्षार आणि ओल रंगाखाली कोंडली तर लोणा पुन्हा येईल.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

खरवडणं संपलं. खिडक्यांचे ग्रिल आणि जुन्या लोखंडी चौकटी वेगळ्या हाताळल्या. त्यांच्यावर घर बांधलं तेव्हापासूनचे ऑइलपेंटचे थर आहेत. भारतात घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० अशी झाली ती २०१६च्या नियमाने, अंमल १ नोव्हेंबर २०१७पासून. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरता येत नाही, आणि मावशीची नातवंडं नाताळच्या सुट्टीत येणार. म्हणून कोरडं घासणं बंद. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासलं, गाळ कागदात गोळा केला, पोरांना मास्क दिले. मिस्त्री आधी कुरकुरले, मग त्यांनीच धाकट्या पोराला मास्क नाकावर घ्यायला लावला.

३ डिसेंबर, मंगळवार

लांबीचे दोन हात, मधे आणि वर घासकाम. आधी १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग ३२०. आज आकाश ढगाळ, लांबी सुकायला वेळ घेतेय, म्हणून प्रायमर उद्यावर टाकला. संध्याकाळी बॅटरी लावून भिंतीभिंतीशी फिरलो. जिथे सावली उभी राहील तिथे पेन्सिलने गोल. पेन्सिलच हवी. बॉलपेनची शाई पुढे रंगातून वर येते.

७ डिसेंबर, शनिवार

प्रायमर झाला. सगळं घर नुसत्या पांढऱ्या प्रायमरमध्ये उभं आहे, आणि बघण्यासारखं आहे. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, "हाच ठेवा की, छान दिसतोय." संध्याकाळी साडेसहाला त्यांना परत बोलावलं आणि ट्यूब लावली. हॉल निळा पडला. दिवसा आणि रात्री अशा दोन्ही वेळी बघितलं नाही तर पांढऱ्याबद्दल मत देता येत नाही.

दिव्यांचाही निकाल आज लावला. घरात सगळीकडे ६,५०० केल्विनच्या एलईडी पट्ट्या आहेत (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळसर), दुकानात वेगळं काही मागितलं नाही तर हातात मिळतात त्याच. त्या उजेडात आमची छटा मळकट दिसते. फळी २,७०० केल्विनखाली धरली तर पिवळी. ३,००० केल्विनखाली, रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक ९०च्या वर असलेल्या दिव्यात, ती दिवसा दिसते त्याच्या सगळ्यात जवळ आली. हॉलमधून सरळ स्वयंपाकघरापर्यंत नजर जाते, म्हणून एका नजरेत येणाऱ्या तिन्ही जागांना एकच दिवे. काकांना पेपर वाचायला पांढरा उजेड लागतो, त्यांच्या खुर्चीशी ४,००० केल्विनचा वेगळा दिवा. घरभर निळा उजेड लावून वाचनाची सोय करायची गरज नाही.

९ डिसेंबर, सोमवार

रंगाच्या बादल्या आल्या. दोन हात धरून लिटरला साठ-पासष्ट चौरस फूट हा मिस्त्रींचा हिशोब, भिंती आणि छत मिळून वीस-वीस लिटरच्या तीन बादल्या. छतालाही तोच रंग द्यायचा ठरवलाय. यावर मिस्त्रींशी बराच वेळ बोलणं झालं, कारण छत पांढरंशुभ्र ठेवायची सवय सगळ्यांनाच आहे. पण या घरात स्लॅब आणि भिंतीची रेघ कुठेच सरळ नाही, जिन्यावर तर बोटभर वाकडी जाते. दोन रंगांची कड तिथे आली की वाकडेपणाच आधी दिसेल. एकच रंग वरपर्यंत गेला तर नजर तिथे अडत नाही. छतावर थेट उजेड पडत नाही म्हणून तो भिंतीपेक्षा थोडा गडद दिसेल, हे मावशीला फळी वर धरून दाखवलं. तिला चाललं.

तिन्ही बादल्या नव्या धुतलेल्या पिंपात एकत्र ओतल्या आणि दांड्याने तळापासून ढवळल्या. एकाच फॉर्म्युल्याच्या तीन बादल्या डोळ्यासमोर वेगळ्या दिसत नाहीत, पण भिंतीच्या मध्यावर एक संपून दुसरी सुरू झाली की सांधा दिसतो. ढवळून झाल्यावर रंग परत बादल्यांत भरला. झाकणावरच्या फॉर्म्युल्याच्या चिठ्ठीचे फोटो काढून मावशीच्या, काकांच्या आणि माझ्या फोनमध्ये ठेवले.

१४ डिसेंबर, शनिवार

पहिला हात संपला. पहिल्या हातानंतर कुणी घर बघायला येऊ नये असं माझं मत आहे, ठिपके-ठिपके दिसतात आणि माणूस उगाच घाबरतो. थंडी चांगली पडली आहे. पाण्यातल्या रंगाचा थर नीट जमायला ऊब लागते, १० अंशांच्या खाली तो नीट जुळत नाही. आत तेवढं गार होत नाही, पण बाहेरच्या ग्रिलसाठी आणि खिडकीलगतच्या भागासाठी चार वाजता ब्रश धुवायचे असा नियम केला. दुपारी झरोक्याची काच धुऊन घेतली, वरून आणि आतून. जिन्यावर एवढा उजेड आला की वरच्या बोळातला दिवा दिवसा लागतच नाही. हे काम खरं तर पहिल्याच दिवसाच्या यादीत असायला हवं, पुढच्या घरांसाठी लिहून ठेवते.

१७ डिसेंबर, मंगळवार

दुसरा हात हॉल, जिना, बोळ. रोलर वरून खाली, ओली कड सुकू द्यायची नाही, भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एका दमात. जिन्याच्या उंच भिंतीला दोघं लागले, एक घोडीवर आणि एक पायरीवर. मिस्त्री पायरीवरच्या पोराला म्हणत होते, "थांबू नको रे, चहा थांबतो, कड थांबत नाही."

देवघरामागे समईच्या काजळीचा डाग प्रायमरमधूनही वर येत होता. डाग अडवणारा प्रायमर वेगळा मारला, आणि पुढच्यासाठी मागे काळ्या कडाप्प्याची पातळ फरशी उभी केली.

२४ डिसेंबर, मंगळवार

गिलाव्याचा तुकडा वाळला. प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवला होता, सकाळी आत थेंब नाही. क्षार सोसणारा प्रायमर मारला. लांबी लावून, घासून, नंतर ती पश्चिमेची अख्खी भिंत दोन हात घेईल. नुसता तुकडा रंगवला तर तोच रंग, तीच बादली असूनही ठिगळ दिसतं, कारण आजूबाजूच्या भिंतीने रंग वेगळा शोषलेला असतो.

१ जानेवारी २०२५, बुधवार

नातवंडं आली आहेत. दारांचा दुसरा हात त्यांच्या गोंधळात झाला, एका दारावर पाच बोटं उमटली आणि ती लगेच पुसली. सामान जागेवर लागलं. दुपारी मावशी जेवणाच्या टेबलावर दिवा न लावता तांदूळ निवडत बसली होती. आकाशी भिंतींच्या वेळी तिथे भर दुपारीही ट्यूब लागायची.

हॉलमध्ये विटकरी झाक अजून येते, दहा ते दोन. वरची पुढची खोली त्यापेक्षा थंड. मागची खोली उन्हाची. मधे शांत मलई. कुठेही उभं राहिलं तरी दारातून पलीकडची भिंत वेगळ्या रंगाची वाटत नाही, उजेड बदललेला वाटतो. हेच हवं होतं.

५ जानेवारी, रविवार

उरलेलं काम आणि साठा, मावशीच्या वहीसाठी. पश्चिमेची भिंत पूर्ण. स्वयंपाकघराच्या टाइल्सवरच्या पट्ट्याला धुण्याजोगं वेगळं फिनिश दिलंय, त्याचा बेस निराळा असल्यामुळे छटा फळीशी जुळवून घेतली होती, तिची चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. भिंतीच्या रंगातले साधारण पाच लिटर उरलेत. ते मोठ्या बादलीत न ठेवता लहान डब्यांत काठोकाठ भरले, आत हवा कमी राहिली की रंग जास्त टिकतो. झाकणावर तारीख आणि खोली लिहिली. डबे माळ्यावर ठेवायचे नाहीत, एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी होते. जिन्याखालच्या कपाटात ठेवले. जिन्याच्या पायऱ्यांच्या पट्ट्या आणि मागच्या ग्रिलचा शेवटचा हात बाकी आहे, मिस्त्री संक्रांत झाली की येतील. काकांच्या डाव्या डोळ्याची तारीख फेब्रुवारीत आहे. त्यानंतर एकदा फळ्या घेऊन जायचं आहे.